वळणावर धावणारी व्हर्नेटा

टेक्सासमधल्या पोर्ट आर्थरमध्ये व्हर्नेटा गेन्सला सगळे ओळखत, पण ती नेमकं काय करून मोठी झाली असं विचारलं तर निम्मे लोक चुकायचे. कुणी सांगायचं ती शंभर मीटर जिंकली, कुणी सांगायचं उंच उडी. ती कुणाला दुरुस्त करायची नाही. ती चौघींच्या रिलेत तिसरी धावायची. दुसरीकडून बॅटन घ्यायचं, मैदानाचं शेवटचं वळण पार करायचं आणि चौथीच्या हातात ते द्यायचं. सुटायची बंदूक वाजते ती तिच्यासाठी नाही, आणि ज्या रेषेपाशी सगळे फोटो निघतात तिथपर्यंत ती पोहोचतही नाही.

ही जागा तिला मिस यूला प्रेजाँनी दिली. मिस यूला शाळेत मुलींना व्यायाम शिकवायच्या. डोक्याला रुमाल, गळ्यात शिट्टी आणि जिभेला धार. व्हर्नेटा तेव्हा चौदा वर्षांची होती. वडील जहाजावर कामाला म्हणून गेले ते मोबील शहरात दुसरा संसार थाटून बसले होते, आणि तिची ममा ओझेल बंदरावरच्या कारखान्यात कोळंबी सोलायची. मिस यूलांनी पोरीला दोन आठवडे नुसतं पळताना पाहिलं आणि मग एका दुपारी बाजूला घेतलं.

"सरळ जोरात पळणाऱ्या मला ढीगभर मिळतात," त्या म्हणाल्या. "तू वळणावर मंदावत नाहीस. का गं?"

"माहीत नाही, मॅम."

"बरंय. माहीत झालं की बिघडशील."

मग चार वर्षं रोज दुपारी तेच. जमिनीवर चिकटपट्टी लावलेली असायची. मागची मुलगी त्या पट्टीवर आली की निघायचं, आरोळी ऐकू आली की उजवा हात मागे न्यायचा, आणि मान वळवायची नाही. व्हर्नेटानं पहिल्याच आठवड्यात मान वळवली.

"काय बघत होतीस? नवरा येतोय का मागनं?"

बाकीच्या मुली खिदळल्या.

"मला वाटलं, बॅटन आलंच नाही तर..."

"येणार. ती मागची पोर तुझ्यासारखीच जीव तोडून पळतेय. तिच्यावर भरवसा नसेल तर जा, लांब उडी मार. तिथे तू एकटीच असतेस, आणि वाळू."

व्हर्नेटानं पुन्हा कधी मान वळवली नाही. राज्यात शाळा दोनदा पहिली आली. ह्यूस्टनच्या विद्यापीठानं तिला शिष्यवृत्ती दिली, आणि तेविसाव्या वर्षी देशाच्या रिलेसाठी निवडलेल्या सहा जणींत तिचं नाव लागलं. तिथे तिची गाठ कॅमिल रॅन्समशी पडली.

कॅमिल कॅलिफोर्नियाची, चौथी धावणारी. नखं लांब, हसणं मोठं, आणि कॅमेरा कुठे आहे हे तिला पाठीनंही कळायचं. दोन वर्षं त्या दोघी एका खोलीत राहिल्या. कॅमिल तिला नावानं कधी हाक मारायची नाही.

"टेक्सास, आपलं नाव पुकारतात तेव्हा जरा हात तरी हलव. नळावर पाणी भरायला आल्यासारखी उभी असतेस तू."

"पळायला आलेय मी, हात हलवायला नाही."

"हात हलवला म्हणून कुणी हळू पळत नाही गं. मला बघ."

आणि खरंच कॅमिल हळू पळायची नाही. त्या वर्षी तर फारच जोरात पळत होती. जागतिक स्पर्धा युरोपातल्या एका थंड शहरात होती. अंतिम शर्यतीच्या आदल्या दुपारी व्हर्नेटाची पोटरी आखडली. कॅमिल मालिश करून घ्यायला गेली होती. खोलीत छोटा फ्रिज होता. बर्फ शोधताना व्हर्नेटानं दह्याचा मोठा डबा उचलला, तर तो हलका लागला. आत गुलाबी पायमोजा, तोंडाशी गाठी मारलेला. तिनं त्या सोडल्या. आत दोन छोट्या कुप्या होत्या, रबरी बुचाच्या, आणि एक सुई.

ती फ्रिजसमोर गुडघ्यावर बसली होती. थंड हवा तोंडावर येत होती. कुप्या आत घालून तिनं गाठ पुन्हा बांधली, मोजा डब्यात ठेवला, डबा जागेवर ठेवला आणि दार लावलं. थोड्या वेळानं कॅमिल आली.

"काय गं, मिळाला का बर्फ?"

"मिळाला," व्हर्नेटा म्हणाली. खरं तर मिळाला नव्हता.

कुणाला सांगायचं, असं तिनं स्वतःला त्या संध्याकाळी एकदा विचारलं. सांगितलं तर उद्या टीमच नाही. दहा वर्षं पळून ती इथवर आली होती, आणि घरी ममानं उद्यासाठी शेजारपाजाऱ्यांना बोलावून टीव्ही ओट्यावर आणून ठेवला होता. मग तिनं विचारणं सोडलं. त्याच वेळी तिच्या आतलं आणखीही काही सुटलं, पण ते तिला फार पुढे समजलं.

अंतिम शर्यतीत पाय आपोआप पळाले. दुसरीनं पट्टी ओलांडली, व्हर्नेटा निघाली, हात मागे गेला, बॅटन आलं. वळणावर तिनं एकीला गाठलं. कॅमिलच्या हातात बॅटन दिलं तेव्हा त्या दुसऱ्या होत्या, आणि दहा सेकंदांनी पहिल्या झाल्या. कॅमिल गुडघे टेकून रडत होती. बाकीच्या दोघी धावत तिच्याकडे गेल्या. व्हर्नेटा वळणाच्या टोकाला उभी राहून बुटाची नाडी बघत होती. सुटली नव्हती, तरी तिनं ती सोडून पुन्हा बांधली, आणि मग त्यांच्याकडे चालत गेली. फोटोत ती आहे, थोडी कडेला. हात हलल्यानं पुसट आला आहे.

गावात परतल्यावर तिला अग्निशमन दलाच्या गाडीवर उभं करून मिरवलं. ममानं नवी हॅट घातली होती. माउंट गिलियड चर्चमध्ये रेव्हरंड हॉलोवेंनी तिच्यावर पाऊण तास प्रवचन केलं. लोक म्हणाले, एवढी मोठी झाली पण बघा, जराही मिजास नाही.

दोन वर्षांनी मांडीचा मागचा स्नायू फाटला, आणि तो परत नीट जुळला नाही. सत्ताविसाव्या वर्षी ती घरी आली आणि शाळेची बस चालवू लागली. रिफायनरीतल्या ऑल्टनशी लग्न झालं, ते सहा वर्षं टिकलं. तो वाईट माणूस नव्हता. जाताना दारात उभा राहून एवढंच म्हणाला, "तू घरात असतेस गं, पण मला सापडत नाहीस." ती म्हणाली, "खरंय." ऑल्टनला बहुधा भांडण हवं होतं. तो थोडा वेळ थांबला आणि गेला.

त्याच सुमाराला मिस यूलांच्या मूत्रपिंडांनी हात टेकले. आठवड्यातून तीनदा रक्त शुद्ध करून घ्यायला जावं लागायचं. सकाळची फेरी झाली की व्हर्नेटा स्वतःच्या गाडीतून त्यांना न्यायची, चार तास शेजारी बसायची, घरी सोडायची आणि दुपारच्या फेरीला जायची.

"ते मेडल आण गं उद्या," मिस यूला म्हणायच्या.

"मागच्या आठवड्यात आणलं होतं की."

"मग काय झालं? इथल्या नर्सा बदलतात. नवीला दाखवायला नको?"

व्हर्नेटा पदक आणायची. मिस यूला ते गळ्यात घालून खुर्चीवर रेलायच्या, एका हातात नळ्या, दुसरा हात पदकावर. नर्स आली की सांगायच्या, "हिला वळण मी दिलंय." आणि मग व्हर्नेटाकडे वळून म्हणायच्या, "हं, सांग आता. पट्टी किती पावलांवर लावली होतीस?"

"साडेवीस."

"आणि देताना? तिनं हात खाली नेला होता की वर?"

"वर. थोडा वर होता."

"बघ. तरी तू दिलंस."

एका मंगळवारी व्हर्नेटा म्हणाली, "मिस यूला, त्या शर्यतीचं एक..." मिस यूलांनी डोळे उघडले. त्यांचे डोळे पिवळसर झाले होते, पण बघणं तेच होतं, मैदानावरचं. "काय?"

"काही नाही. थंडी फार होती तिथे."

"ते टीव्हीवर दिसत होतं," मिस यूला म्हणाल्या, आणि त्यांचा डोळा लागला.

त्या वर्षी नोव्हेंबरात त्या गेल्या. शवपेटी बंद करायच्या आधी व्हर्नेटा पुढे झाली आणि तिनं ते पदक मिस यूलांच्या जुळवलेल्या हातांखाली सरकवलं. मागे कुणीतरी हुंदका दिला, मग सगळं चर्चच रडलं. पुढे कित्येक महिने लोक तिला दुकानात अडवून दंडाला हात लावायचे. एवढं मोठं मन, म्हणायचे. ती मान हलवायची. तिला ते घरात नको होतं, इतकंच खरं होतं, आणि ते सांगण्यासारखं नव्हतं.

चार वर्षांनी कॅमिल टीव्हीवर आली. करडा सूट, नखं कापलेली. तिनं सगळं कबूल केलं. कोणती वर्षं, कोणती बंदी असलेली औषधं. आठवड्याभरात स्पर्धेच्या समितीनं त्या चौघींचं यश रद्द केलं, आणि महिन्याभरात पत्र आलं: तीस दिवसांत पदक परत करावं. व्हर्नेटानं पत्रातल्या नंबरवर फोन लावला. पलीकडे एक कोवळ्या आवाजाची मुलगी होती.

"मेडल माझ्याकडे नाहीये," व्हर्नेटा म्हणाली.

"हरवलंय का, मॅम?"

"नाही. कुठे आहे ते माहितीये."

"कुणाकडे दिलंय?"

"मिस यूला प्रेजाँकडे."

"त्यांचा पत्ता मिळेल का?"

व्हर्नेटानं दफनभूमीचा पत्ता सांगितला. पलीकडे टाइप करण्याचा आवाज येत होता, तो मध्येच थांबला.

"मॅम, हे... एक मिनिट फोन धरता का?"

"धरते," व्हर्नेटा म्हणाली. एका मिनिटाची अकरा झाली. मग एक पुरुष आला आणि फार सभ्यपणे म्हणाला, की नातेवाइकांची संमती असेल तर उकरण्याची व्यवस्था समिती करू शकेल.

हे गावात फुटायला दोन दिवस लागले. रेव्हरंड हॉलोवे आता म्हातारे झाले होते, पण आवाज शाबूत होता. "या पोरीनं स्वतःच्या पायांनी मिळवलेलं हे," ते रविवारी म्हणाले. "दुसरीच्या पापासाठी आमच्या यूलाची झोपमोड करायला कुणी आलंच, तर त्यानं आधी मला भेटावं. मी तिथे खुर्ची टाकून बसणार आहे." ते खरोखरच बसले. दफनभूमीच्या फाटकापाशी खुर्च्या लागल्या, बायकांनी तळलेला मासा आणि बटाट्याचं सॅलड आणलं, टीव्हीवाल्यांची गाडी आली. व्हर्नेटाला मध्ये बसवून प्रश्न विचारले. तुम्हाला काय वाटतं? ती म्हणाली, "मला बस न्यायची आहे." ते वाक्य रात्रीच्या बातम्यांत तीनदा दाखवलं, आणि लोकांना ते फारच आवडलं.

त्या शनिवारी कॅमिल आली. भाड्याच्या गाडीतून उतरली आणि व्हर्नेटाच्या घराच्या फाटकाशीच उभी राहिली. ममानं तिला खिडकीतून ओळखलं.

"घरात नाही घेणार मी तिला," ममा म्हणाली. "पण उन्हात उभी ठेवू नको. परसात बसा. चहा बर्फ घालून ठेवलाय, तो ने."

परसात दोन लोखंडी खुर्च्या होत्या. कॅमिल जाड झाली होती आणि पेला दोन्ही हातांनी धरत होती.

"मी तुझं मेडल घालवलं."

"हं."

"शिव्या दे ना. बाकीच्या दोघींनी दिल्या. एकीनं तर वीस मिनिटं, मध्ये श्वाससुद्धा न घेता."

"येत नाहीयेत मला."

कॅमिलनं पेल्यातला बर्फ हलवला. मग म्हणाली, "टेक्सास, एक विचारू? त्या मोज्याला मी नेहमी दोन गाठी मारायचे. त्या दिवशी मी खोलीत आले तेव्हा एकच होती."

स्वयंपाकघरात नळ चालू होता, तो बंद झाला.

"बर्फ शोधत होते मी," व्हर्नेटा म्हणाली.

"म्हणजे तुला तेव्हापासून..."

"हो."

"मग बोलली का नाहीस? एकदा जरी म्हणाली असतीस, 'कॅमिल, हे काय आहे?' मी तेरा वर्षं त्या एका गाठीचा विचार केला. वाटायचं, आज बोलेल, उद्या बोलेल."

"तुझं तू वाहा," व्हर्नेटा म्हणाली. आवाज चढला नव्हता. "माझं मला आहे. त्यात तुझी भर नको."

कॅमिलनं चहा संपवला आणि पेला खुर्चीच्या पायाशी ठेवला. "एकदा तरी भेटायचं होतं," ती म्हणाली आणि गेली. दोघी पुन्हा भेटल्या नाहीत.

व्हर्नेटा आत आली तेव्हा ममा धुतलेली ताटली पुसत होती. ती कोरडी झाली होती, तरी पुसत होती.

"यूलाला ठाऊक होतं?"

"नाही."

"मग तिच्या हातात का घातलंस ते?"

"मला घरात नको होतं, ममा."

ममानं ताटली ठेवली. "गावभर मी सांगत सुटले, माझ्या पोरीचं काळीज बघा म्हणून." ती एवढंच बोलली आणि कपडे वाळत घालायला गेली.

दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये रेव्हरंडनी फाटकापाशी कुणी कधी बसायचं याची यादी वाचायला घेतली, तेव्हा व्हर्नेटा उठून उभी राहिली.

"रेव्हरंड, खुर्च्या उचलायला सांगा. मला माहीत होतं. शर्यतीच्या आदल्या दिवशी मी ते औषध बघितलं होतं. मी गप्प राहिले आणि पळाले."

हातपंख्यांचा आवाज थांबला. ती खाली बसली. रेव्हरंडनी यादीची घडी घातली, मग पुन्हा उघडली, मग म्हणाले, "आपण प्रार्थना करू." कशासाठी ते त्यांनाही सुचलं नाही, मोघमच केली.

पहिल्या बाकावर मिस यूलांची धाकटी बहीण मिस लिओंटीन बसली होती. या प्रकरणासाठी ती लेक चार्ल्स गावाहून आली होती. बाहेर पायऱ्यांवर तिनं व्हर्नेटाला गाठलं. अंगानं लहान, काठीवर टेकलेली.

"माझ्या बहिणीला त्यात कशाला ओढलंस?"

व्हर्नेटा एक पायरी खाली उतरून तिच्यासमोर उभी राहिली.

"यूलानं आयुष्यात एक शर्यत चोरली नाही. आणि आता ती हातात काय घेऊन झोपलीय? काढा ते. संमती लागते ना? मी देते. आणि तू तिथे हजर राहायचं, कुठे जायचं नाहीस."

जे लोक आठवडाभर फाटकापाशी बसले होते त्यांतलं कुणी विरोधाला उठलं नाही. परवान्याला तीन आठवडे लागले. एका बुधवारी सकाळी, पहिली फेरी संपवून, बसच्या गणवेशातच व्हर्नेटा दफनभूमीत गेली. दोन मजूर, समितीनं पाठवलेला एक माणूस, रेव्हरंड आणि मिस लिओंटीन, एवढेच होते. त्या भागात जमिनीखाली लगेच पाणी लागतं म्हणून पेटी वरच, सिमेंटच्या कोठीत असते. झाकण सरकवायला वेळ लागला नाही. मिस लिओंटीन स्वतः पुढे झाली, रबरी हातमोजे घालून. कुणाला तिनं वाकू दिलं नाही. परत वळली तेव्हा तिच्या मुठीत पदक होतं. फीत कुजून गेली होती. धातूवर हिरवट डाग चढला होता.

"धर," ती म्हणाली. "तूच पाठव. माझ्या हातून नको."

समितीच्या माणसानं पाकीट पुढे केलं होतं, ते तिनं काठीनं बाजूला सारलं.

व्हर्नेटानं पदक हातात घेतलं. ते होतं त्यापेक्षा हलकं वाटलं. आपल्याला आता काहीतरी वाटेल म्हणून ती थोडी थांबली. मजूर झाकण परत सरकवत होते. रेव्हरंड डोळे मिटून पुटपुटत होते. मिस लिओंटीननं हातमोजे उलटे करून काढले आणि विचारलं, "यूला तुला ओरडायची का गं फार?"

"रोज," व्हर्नेटा म्हणाली.

"मलाही." म्हातारीनं नाक पुसलं. "मला यूलाच्या घरी सोड. गुडघे गेलेत माझे."

पोस्टात तिच्यापुढे चार माणसं होती. मागे उभ्या असलेल्या चर्चमधल्या एका बाईनं तिला पाहून न पाहिल्यासारखं केलं. व्हर्नेटानं जाड पाकिटावर पत्ता लिहिला. सोबत चार ओळींचं पत्र जोडलं होतं, की मला ठाऊक होतं, आणि हे लिहून ठेवावं. महिन्याभरानं त्याला दोन ओळींचं उत्तर आलं: पदक मिळालं, प्रकरण बंद करण्यात येत आहे. ठाऊक असण्याबद्दल त्यात काहीच नव्हतं.

त्या दुपारी पोस्टातून ती घरी आली. ममानं राजमा शिजवला होता, सॉसेज घालून, भात वेगळा. गेले तीन आठवडे दोघी एकमेकींशी कामापुरतंच बोलत होत्या. ममानं ताट वाढलं आणि समोर बसली.

"काढलं?"

"हो."

"कशी दिसत होती यूला?"

"मी बघितलं नाही. मिस लिओंटीन मध्ये उभी होती."

ममानं मान हलवली. बराच वेळ दोघी जेवत होत्या. मग ममा म्हणाली, "त्या दिवशी ओट्यावर आम्ही चौदा जण होतो. तू वळणावर त्या बाईला गाठलंस तेव्हा मी इतकी ओरडले, की दोन दिवस आवाज नव्हता. ते तर खरं होतं ना? तू तिला गाठलंस ते?"

"ते खरं होतं."

"किती पुढे होती ती?"

व्हर्नेटानं आठवून बघितलं. "दोन हात. तीन असेल."

"टीव्हीवर जास्त वाटत होतं," ममा म्हणाली.

व्हर्नेटानं ताट पुढे केलं आणि भात मागितला. अडीच वाजत आले होते. जेवून तिनं हात धुतले, किल्ल्या घेतल्या आणि दुपारच्या फेरीला गेली.